मदत हवी आहे: पोरं प्रोजेक्ट संपल्यावर गँट चार्ट काढतात

मास्तरीणबाई
प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवते. गँट (कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार याचे पट्टे), पर्ट आणि सीपीएम (कामांचा क्रम नि लागणारे दिवस मांडायच्या पद्धती) सगळं फळ्यावर झालंय, गणितं येतात. पण स्वतःच्या प्रोजेक्टचा चार्ट सबमिशनच्या आदल्या रात्री, तोही सीनियरच्या फाइलवरून. परवा एका ग्रुपच्या चार्टवर टेस्टिंग गणपतीच्या सुट्टीत, ठरल्या दिवशी संपलेलं दिसलं. कोडिंग अजून चालू आहे! काय करू? सोमवारी लेक्चर आहे, लवकर सांगा. 'इंटरेस्टिंग बनवा' नको.

खडूफळा
कोर्स कुठला? बीबीए सीए की एमसीए? वर्गात किती? लॅब मिळते का?

जुना_पीएम
मॅडम, गँटचा नादच सोडा. अजाइल शिकवा, म्हणजे थोडं थोडं बनवत, दाखवत, सुधारत जायचं. २००१ मध्ये १७ जणांनी अमेरिकेत यूटामध्ये बसून त्याचा जाहीरनामा लिहिला, आपण अजून पर्ट घोकतोय. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा एक टप्पा), रोज स्टँडअप (उभ्याउभ्या छोटी मीटिंग). आमच्याकडे फ्रेशरला हेच पहिल्यांदा विचारतात.

खडूफळा
@जुना_पीएम, कॉलेजात रोज स्टँडअप? पोरं प्रॅक्टिकललाच भेटतात, मध्येच युनिट टेस्ट. आणि पर्टला नावं ठेवू नका, १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी आलंय ते.

जुना_पीएम
तुमची पोरं क्षेपणास्त्र बनवतात का? लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीमच ना?

निशा_क
पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट) करायला सांगा, पॅकेज चांगलं मिळतं. माझ्या दिरांनी केलंय.

कोकणी_कोडर
ताई, पीएमपीला चार वर्षांची पदवी असली तरी ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो. पोरांनी कुठून आणायचा?
मास्तरीणबाई, सोमवारी हे फळ्यावर लिहा. डेटाबेस ४ दिवस. तो झाला की एक जण फॉर्म करतो, ६ दिवस. दुसरा त्याच वेळी रिपोर्ट, ५ दिवस. दोन्ही संपल्यावर टेस्टिंग ३ दिवस. एकूण १३. आता रिपोर्टवाल्याला दोन दिवस उशीर झाला, तर प्रोजेक्ट किती लांबतो? अर्धा वर्ग दोन म्हणेल. उत्तर एक, कारण त्याच्याकडे एक दिवस सैल होता. आणि आता क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रोजेक्ट लांबतो ती साखळी) फॉर्मवरून रिपोर्टवर गेला. मग विचारा, रविवारी कोणाला बोलवायचं? इथे भांडणं होतात. होऊ द्या.

बाकावरचा_शेवटचा
अवांतर: अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाची ऑटोमॅटिक बॅगेज सिस्टीम सांगा. तिच्यापायी ऑक्टोबर १९९३ चं उद्घाटन फेब्रुवारी १९९५ वर गेलं, २००५ मध्ये ती कायमची बंद.

निशा_क
बॅगांचं नावच काढू नका. गेल्या खेपेला आमची लोणच्याची बरणी फुटून निघाली. 😡

मास्तरीणबाई
बरणी राहू दे हो! कोडर, कोडं घेते. पण फळ्यावर सगळं येतंच, अडतं फाइलमध्ये. चार्टवर खाडाखोड दिसली की बाहेरून येणारे परीक्षक मार्क कापतात. मग पोरं स्वच्छच काढणार ना?

खडूफळा
अहो, हे आधी सांगायचं! पोरं परीक्षकासाठी चार्ट काढतात, बरोबरच आहे त्यांचं.

कोकणी_कोडर
मग खाडाखोड नकोच. पहिल्या आठवड्यात सही करून मूळ चार्टची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. फाइलमध्ये दोन पानं: मूळ, आणि प्रत्यक्षात झालं ते. तिसऱ्यावर फरकाची कारणं. इंटर्नलचे मार्क तिसऱ्या पानाला, वेळेत संपवण्याला शून्य. प्रोजेक्टलिब्रे हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मूळ बेसलाइन (आधी ठरलेलं वेळापत्रक) त्यात जपून ठेवता येते.

जुना_पीएम
कारणंपण खोटी लिहितील. 'लाइट गेली होती.'

कोकणी_कोडर
लिहू देत. व्हायव्हात ग्रुपमधल्या प्रत्येकाला वेगवेगळं बोलवून विचारा, लाइट कोणत्या दिवशी गेली.

मास्तरीणबाई
😂 हे चालेल. झेरॉक्स सोमवारीच घेते. आता एचओडींना 'वेळेला शून्य मार्क' कसं पटवायचं ते सांगा. त्यांना सगळे ग्रुप 'ऑन टाइम' दाखवायचे असतात.

खडूफळा
नॅकसाठी का, कॉलेजच्या मूल्यांकनाला दाखवायला?