मराठी ख्रिस्ती मंडळीतील तरुण उपासनेपासून दूर का जात आहेत?

प्रश्न : नगरकर
प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आमची मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या काळातील असून १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चमध्ये आहे. येथेच बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कळत्या वयात श्रद्धेची जाहीर कबुली) झालेली मुले नोकरीसाठी पुण्याला गेली की तिथल्या एखाद्या फेलोशिपमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनागटात, रमतात, आणि सुटीत घरी आली तरी उपासनेत परक्यासारखी मागच्या बाकावर बसतात. ड्रम, गिटार आणि प्रोजेक्टर घ्यावा असा प्रस्ताव मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपुढे आला आहे. ज्येष्ठांचा त्याला विरोध आहे. जुने जपून नेमके काय बदलावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर : गायनमंडळ, सोलापूर
वाद्ये विकत घेण्याआधी आपल्या जवळ काय आहे ते पाहावे, अशी माझी विनंती आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, भजन व कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले. ती भजने आज आपण ऑर्गनवर इतकी रेंगाळत गातो, की त्यांतला प्राणच हरपतो. तेच भजन तबला, झांजा आणि भजनी ठेक्यावर घ्या. एकाने ओळ म्हणावी आणि मंडळीने ती उचलावी. इंग्रजी माध्यमातील मुले गीतांच्या पुस्तकातील जोडाक्षरांपाशी अडखळतात आणि मग गप्प बसतात. ओळ ऐकून म्हणायची असली म्हणजे त्यांना पुस्तकाची गरजच उरत नाही.

उत्तर : वसईकर
आमचा अनुभव कॅथोलिक आहे, तरी तो उपयोगी पडावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेने) ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेच्या वापराला वाट करून दिली आणि पुढे लॅटिन मिस्साची (मुख्य उपासनाविधीची) जागा मराठी मिस्साने घेतली. भाषेइतकाच महत्त्वाचा बदल असा, की वेदीजवळून शास्त्रवाचन करण्याचे आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थना म्हणण्याचे काम प्रापंचिकांकडे, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य सभासदांकडे, आले. ज्याला वाचन करायचे असते, तो उतारा आदल्या रात्री घरी मोठ्याने वाचून पाहतो.

उत्तर : पुण्यातील एक बहीण
मीही अशीच फेलोशिपमध्ये गेले, म्हणून स्पष्ट लिहिते. मी गिटारसाठी गेले नाही. पहिल्या रविवारनंतर तिथल्या एका ताईने फोन करून माझी विचारपूस केली, बुधवारच्या घरगुती प्रार्थनेला बोलावले, आणि आई आजारी पडली तेव्हा चार जण दवाखान्यात येऊन बसले. माझ्या मूळ मंडळीत मला लहानपणापासून सगळे ओळखत होते, पण नोकरीला लागल्यावर माझ्याकडून वर्गणीखेरीज कोणी काही मागितले नाही. शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात) शिकवायला सांगितले असते, तर मी आनंदाने शिकवले असते. पंचांमध्ये तिशीच्या आतले कोणीच नसेल, तर तरुणांसाठी काय करावे याची चर्चा तरुणांना वगळूनच होत राहणार. टिळकांची भजने मला आजही पाठ आहेत आणि मराठीत प्रार्थना करताना मन जसे मोकळे होते तसे हिंदी गीतांत होत नाही. म्हणूनच ही तळमळ.

नगरकर
सर्वांचे मनापासून आभार. वाद्यांचा प्रस्ताव तूर्त मागे ठेवावा, पंचांच्या पुढील निवडणुकीत दोन तरुण नावे सुचवावीत आणि पुण्यातील आमच्या मुलामुलींची यादी करून पाळकसाहेबांसह त्यांच्या घरी जावे, असे मी येत्या सभेत मांडणार आहे. भजनी ठेक्याची तालीम घेण्यासाठी सोलापूरचे बंधू नगरला येऊ शकतील का?