मे महिन्यात बाभळीचं धनुष्य ताणावं का, की मृग लागेपर्यंत थांबावं?

शेडवाला, सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, ग्रिल-गेटची कामं चालतात. संध्याकाळी मशीन बंद झाली की तिथंच कोपऱ्यात मी धनुष्यं बनवायलोय. आत्तापर्यंत भरीव बांबूचीच केली, ती चांगली चालतात. आता पहिल्यांदाच लाकडाचं करायचंय.

दक्षिण सोलापुरात मामांच्या बांधावरची बाभूळ वादळात पडली. तिचा सरळ बुंधा करवतीला न देता पाचर ठोकून उभा फोडला, टोकांना ऑइल पेंट लावला आणि वर्षभर सावलीत आडवा ठेवला. भुंगा लागलेला नाही. 68 इंचांचा दांडा आहे, लाकडाच्या धाग्यांची रेषा वरपासून खालपर्यंत सरळ.

अडचण अशी की त्याच बुंध्याचा दुसरा फाळका मित्रानं नेला होता. त्याचं धनुष्य गेल्या आठवड्यात 24 इंच ताणलं असताना पाठीकडून, म्हणजे ताणणाऱ्यापासून लांबच्या बाजूनं, फुटलं. मी तिथंच होतो. मुठीच्या वरची-खालची दोन्ही भुजा सारख्या वाकत होत्या, पाठीवर गाठ नव्हती, कुठं रेषा तुटलेली नव्हती. तुकडा हातात घेतला तर मोड आखूड, लांब चोया निघाल्याच नाहीत.

व्हिडिओ बघावेत तर सगळे थंड देशातले. ते म्हणतात लाकूड नीट वाळू द्या, ओलं लाकूड म्हणजे कामातनं गेलं. इथं तर 43 अंश चाललंय. मग हा दांडा आत्ता घ्यावा का? की बाभूळच या कामाची नाही? आणि दोरी कशाची करावी तेही सांगा. धनुष्य 13-14 किलो ताणाचं हवंय, म्हणजे दोरी 28 इंच ओढल्यावर तेवढा जोर लागावा.

पॅटर्नमेकर काका, जुळे सोलापूर

बाभळीला दोष देऊ नकोस. बैलगाडी, कुळव, कुऱ्हाडीचा दांडा, आपल्याकडची मार खाणारी सगळी कामं तिनंच केली. आखूड मोड आला म्हणतोस ना, तिथंच उत्तर आहे. ते लाकूड अति वाळलं होतं.

माझा जन्म फाउंड्रीचे लाकडी साचे करण्यात गेला. साच्यात लाकूड अर्धा मिलिमीटर हललं तरी कास्टिंग बाद होतं, म्हणून लाकडातल्या पाण्याचा हिशेब मला ठेवावाच लागला. लाकूड कधी ‘वाळून संपत’ नाही. भोवतीच्या हवेत जेवढा दमटपणा असेल, त्या मानानं ते पाणी धरतं नाहीतर सोडतं. हवेची आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात साधारण 9 टक्के पाणी राहतं. 75 असेल तर 14 च्या आसपास. आणि 20-25 वर आली की लाकूड 4-5 टक्क्यांवर उतरतं. धनुष्याला 8 ते 10 टक्के लागतं. थंड, ओल्या देशातल्या माणसाला 14 वरून 9 वर यायचं असतं, म्हणून तो ‘वाळवा वाळवा’ म्हणतो. आपल्याला मे महिन्यात उलटा प्रवास करायचा आहे.

तुझ्या शेडवर पत्रा असणार. बाहेर 40 अंश आणि आर्द्रता 24 टक्के असली, तर तीच हवा पत्र्याखाली 48 अंशांना तापल्यावर 16 टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण तापलेल्या हवेची तहान वाढलेली. रात्री हवा सावरते, आणि जाड लाकूड एका दुपारनं बदलत नाही, ते दोन-तीन आठवड्यांची सरासरी धरतं. पण धनुष्याची भुजा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीची, तिला उन्हाळा पुरतो.

आता ते फुटतं का, ते ऐक. ताणलेल्या धनुष्यात पोट, म्हणजे ताणणाऱ्याकडची बाजू, दाबलं जातं आणि पाठ ओढली जाते. वाळत जाईल तसं लाकूड दाबाला आणखी कडक होतं, पण ओढीखाली लवायचा त्याचा गुण कमी होतो. पोट हटत नाही, सगळा भार पाठीवर पडतो आणि पाठ तुटते. बांबूच्या सालीकडच्या धाग्यांची ओढ सोसायची ताकद मोठी, म्हणून तुला हा प्रश्न आजवर पडला नाही. ओल्या लाकडात याच्या उलट होतं. पोट चेपतं, दोरी उतरवली तरी धनुष्य वाकलेलंच राहतं आणि बाणाचा जोर जातो.

त्यामुळे मृगाची वाट बघणंही माझ्या मते खरं उत्तर नाही. श्रावणात दांडा 12-13 वर जाईल, तेव्हाही पंचाईत. सोलापुरात टिलर करायला, म्हणजे भुजा खरवडून त्यांचा बाक सारखा करायला, सगळ्यात चांगले दिवस दसरा ते संक्रांत. खंडेनवमीला हत्यारं पुजावीत आणि कामाला लागावं. पण तुला तोवर धीर धरवणार नाही हे कळतंय. तर आत्ता तासकाम खुशाल कर, फक्त ताण देऊ नकोस. आणि दांडा शेडमधून उचलून घरात आण, कूलर असलेल्या खोलीत, वाऱ्याच्या थेट झोतात नव्हे.

अजून एक. व्हिडिओवाले पाठीवर एकच वार्षिक वलय राखायला सांगतात. थंडीत वाढ थांबणाऱ्या झाडांत ती वलयं ठसठशीत असतात. आपल्या बाभळीत ती शोधून डोळे दुखतील. साल काढल्यावर जो पृष्ठभाग मिळतो तोच पाठ म्हणून ठेव, त्याला रंधा लावू नकोस. ताण देताना बाहेरचे धागे अखंड असणं महत्त्वाचं. तू दांडा फोडून घेतलास, कापून नाही, हे फार चांगलं केलंस.

डाळिंबवाला, सांगोला

काकांच्या बोलण्यात भर घालतो. कूलरच्या खोलीचा भरवसा नाही, कधी 40 टक्के, कधी 70, लाइट गेली की संपलं. मी चार इंची पीव्हीसी पाइप घेतो, दोन्ही टोकांना टोपण, आत धनुष्य आणि तळाशी एका बरणीत मॅग्नेशियम नायट्रेटचा गच्च लगदा. डाळिंबाला ड्रिपमधून सोडतो तेच विद्राव्य खत. त्यात न विरघळलेले खडे दिसत राहतील एवढंच पाणी घालायचं. अशा संपृक्त द्रावणावरची बंद हवा आपोआप एका आर्द्रतेवर स्थिर होते, मॅग्नेशियम नायट्रेटवर ती 30 अंशांना 51 टक्क्यांच्या जवळ राहते. म्हणजे काकांचे 9 टक्के. साधं मीठ वापरू नका, त्यावर 75 टक्के राहते, ती आपल्याला जास्त होते.

दोन गोष्टी मात्र पाळाच. बरणीच्या तोंडाला सुती फडकं बांधा, लाकडाला थेंब लागता कामा नये. आणि हे नायट्रेट आहे, आग भडकवतं. तुमचं वेल्डिंगचं शेड, त्यामुळे ते भुशात सांडणं आणि ठिणगी हे दोन्ही टाळा. पाइप घरातच ठेवा.

मंगळवार पेठेतली, सोलापूर

दादा, दोरीचं मी सांगते. आमच्या घरी आजोबांपासून माग, त्यामुळे सुताशी ओळख आहे.

सुती धागा नको. पॉलिएस्टरच घ्या. लाकडी धनुष्यासाठी विकतच्या डेक्रॉन दोऱ्या येतात त्याही पॉलिएस्टरच असतात. बाण सुटताना पॉलिएस्टर जरासं ताणतं आणि हिसका सौम्य होतो. अजिबात न ताणणारे नवे धागे लाकडी टोकं चिरतात, ते आधुनिक धनुष्यांना ठीक.

आपल्याकडे हाय टेनॅसिटी, म्हणजे जास्त ताकदीच्या, पॉलिएस्टरचा 1000 डेनियरचा (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप) कोन मिळतो, शिलाई दोरे करणारे वापरतात. एक धागा साधारण 7 किलोला तुटतो. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. धागा लाकडी दांड्याला गुंडाळून लटकवा, खाली बादली बांधा आणि मगानं पाणी ओतत जा. तुटला की बादलीसकट वजन करा. गाठीवर तुटला तर ती मोजणी धरू नका, गाठ धाग्याला कमजोर करते. दोरीची ताकद धनुष्याच्या ताणाच्या निदान चौपट हवी. तुमचे 14 किलो, म्हणजे 56. हिशेबानं 8 धागे होतात, पण मी 12 घेईन, कारण पीळ आणि खाच दोन्ही धाग्याला खातात, आणि दोरी तुटली तर धनुष्यही जाऊ शकतं. दोन लडी करायच्या, प्रत्येकी 6 धागे. प्रत्येक लड एका दिशेला पिळायची आणि दोन्ही एकमेकींभोवती उलट दिशेला. मधमाशीचं मेण आधी चोळा, नंतर चोळलं तर आत जात नाही. बाण लावायच्या जागी वरून जाड दोरा गच्च गुंडाळा.

लक्ष्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. यंत्रमागाच्या चिंध्या पोत्यात दाबून दाबून भरा. भुसा खाली बसतो, चिंध्या बसत नाहीत, आणि बाण सहज निघतो. पोत्यामागं मातीचा बांध किंवा आंधळी भिंत हवीच. नान्नजकडच्या माळावर तर अजिबात जाऊ नका, तिथं माळढोकचं अभयारण्य आहे. पक्षी उरलेत किती, आणि त्यांच्या रानात आपण बाण घेऊन फिरायचं, हे मनाला पटत नाही.

शेडवाला, सोलापूर

काका, डाळिंबवाले दादा, ताई, सगळ्यांचे आभार. कामाला लागलो. दांड्याच्या टोकाचा तुकडा कापला, तो 62.4 ग्रॅम भरला. बहिणीच्या ओव्हनमध्ये 103 अंशांच्या आसपास ठेवला, वजन उतरायचं थांबलं तेव्हा 59.6. म्हणजे 2.8 ग्रॅम पाणी, कोरड्या वजनाच्या 4.7 टक्के. काका, तुम्ही म्हणालात तसंच.

त्याच दिवशी दांडा तासून घेतला. बाहेरचं पिवळट लाकूड पाठीला, आतलं तांबूस पोटाला. आता तो 930 ग्रॅम आहे आणि पाइपमध्ये आहे. किती दिवस ठेवू?

पॅटर्नमेकर काका, जुळे सोलापूर

दिवस मोजू नकोस, वजन मोज. 930 ला 1.047 नं भाग, कोरडं लाकूड 888 ग्रॅम. त्याला 1.09 नं गुण, 968. काट्यावर 968 आलं आणि आठवडाभर तिथंच राहिलं की टिलर सुरू कर. आधी नाही. पृष्ठभाग लवकर ओलावतो, गाभा मागं राहतो, म्हणून तो आठवडा.

टिलरला कानस बाजूला ठेव, पटाशीनं खरवड, नाहीतर काचेचा तुकडा घे. भुजेची ताकद रुंदीच्या प्रमाणात वाढते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. 10 मिलिमीटरची भुजा 9 केलीस तर ताकद 27 टक्क्यांनी जाते, 16 किलोचं धनुष्य एका मिलिमीटरमध्ये 12 च्या खाली. हे लाकूड परत चिकटवता येत नाही. ताणकाटा लावून ओढ, 14 किलोच्या पुढं एकदाही नेऊ नकोस, मग ते 20 इंचांवर का येईना. जी जागा कडक तिथं खरवड, दोरी हलक्या हातानं तीसेक वेळा ओढून सोड, मगच पुन्हा बघ. लाकडाला नवा बाक कळायला तेवढा वेळ लागतो.

पूर्ण झालं की जवसाच्या तेलाचे पातळ हात दे, प्रत्येक हात पूर्ण सुकू दे. तेलानं पाण्याची ये-जा मंदावते, थांबत नाही. पुढच्या एप्रिलमध्येही ताणण्याआधी काट्यावर ठेव. तयार धनुष्याचं वजन तेलाआधीच पोटावर पेन्सिलीनं लिहून ठेव, त्यावर तेल मार. त्यापेक्षा 20 ग्रॅम कमी भरलं तर परत पाइपमध्ये.