अनुभव धागा : मनःशांतीसाठी आपण कोणत्या बातम्या ठेवल्या, कोणत्या सोडल्या?

मे 2025 मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात कराची बंदरावर हल्ला झाल्याची बातमी काही वाहिन्यांनी रात्री ठामपणे दिली आणि ती खोटी निघाली. ती ऐकत मी पहाटेपर्यंत जागा होतो. सकाळी वाहिनीपेक्षा स्वतःचाच अधिक राग आला. तेव्हापासून घरात वाहिन्या बंद आहेत. वर्तमानपत्र मात्र पूर्ण वाचतो, कारण छापून येईपर्यंत बातमीला निदान काही तास थांबावे लागते. आपलेही अनुभव कृपया लिहावेत.

पुणे, बँक कर्मचारी

एप्रिल 2021 मध्ये वडील रुग्णालयात प्राणवायूवर होते आणि मोबाइल उघडला की जळत्या चितांची छायाचित्रे समोर येत. शेवटी मी धाकट्या भावाला सांगितले की, बातम्या तू वाच आणि मला फक्त रेमडेसिव्हिर, प्राणवायू व लस यांविषयीच कळव. मला झोप लागू लागली. वडील घरी आल्यानंतर कित्येक दिवसांनी वहिनीकडून समजले की, त्या तीन आठवड्यांत भाऊ रात्र रात्र गच्चीवर फेऱ्या मारत असे, कारण मला हवे तेवढे निवडून देण्यासाठी त्याला सगळेच वाचावे लागत होते. माझ्या वाटणीची भीती मी त्याच्यावर टाकली होती, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते. आता आम्ही दोघे दिवसाआड पाळी लावतो.

निफाड तालुका, कांदा उत्पादक

निवडीची चैन आम्हाला नाही, हे नम्रपणे नोंदवतो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा आमच्या लाल कांद्याची काढणी सुरू होती आणि दुसऱ्याच दिवशी जिल्ह्यात अनेक ठिकाणी लिलाव बंद पडले. अशी बातमी डोळ्यांआड करून चालत नाही. बाजार समितीचे भाव, हवामानाचा अंदाज आणि निर्यातीचे आदेश एवढे मी रोज पाहतो. सोडले आहे ते शहरी चर्चा ऐकणे. भाव चढला की ‘कांद्याने रडवले’ हा मथळा ठरलेला असतो; भाव पडल्यावर कोण रडते, ते आतल्या पानावर शोधावे लागते. तो मथळा वाचणे थांबवल्यापासून माझा रक्तदाब उतरला, असे घरचे म्हणतात. मला तो पावसाचा गुण वाटतो.

सातारा, निवृत्त शिक्षिका

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील प्रादेशिक बातम्या ऐकते. दहा मिनिटांत त्या संपतात आणि माझ्यापुरता बातम्यांचा दिवसही संपतो. संध्याकाळी शेजारच्या भिंतीतून वाहिनीवरील वादाचा आवाज येतो, तेव्हा आज विषय कोणता असावा, याचा अंदाज मात्र मी अजूनही बांधते.