मोनोरेलच्या भागातील संदर्भांविषयी

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी विनोदी कार्टून मालिकेच्या १९९३ मधील मोनोरेलच्या भागात इतर कलाकृतींचे संदर्भ केवळ सजावटीपुरते येतात, हे मत मला पटत नाही. गावाला मोनोरेल विकायला आलेला लाइल लॅनली गात-नाचत सभागृहाला डोलायला लावतो, तो प्रसंग ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेतील, वाद्यवृंद उभारण्याच्या नावाखाली गावाला गंडवू पाहणाऱ्या भामट्यावर बेतलेला आहे. फसवणुकीची सारी युक्ती त्या गाण्यातच आहे. मुख्य रस्ता अजून उखडलेलाच आहे, असे सिम्पसन कुटुंबातील आई मार्ज सांगू लागते, तेव्हा तिचाच मुलगा त्याच चालीत तिला गप्प करतो आणि अणुऊर्जा प्रकल्पाचा मालक बर्न्स याच्याकडून दंडापोटी मिळालेले तीस लाख डॉलर उधळायला गाव एकमुखाने तयार होते. उद्घाटनाला आलेल्या लेनर्ड निमॉय यांना, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा मालिकेत स्पॉक साकारणाऱ्या अभिनेत्याला, महापौर शुभेच्छा देतात त्या ‘स्टार वॉर्स’ या वेगळ्याच चित्रपटमालिकेतल्या; पाहुणा कोण, हेही त्यांना ठाऊक नसते.