मदत हवी आहे: १८५७ च्या ख्रिसमसचं हिरवं पुस्तक, विषारी असेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही लीड्सला असतो. शेजारच्या आजींनी (इंग्लिश आहेत, पण मी आजीच म्हणते) घर आवरायला काढलंय, त्यात माझ्या लेकीला एक कवितांचं पुस्तक दिलं. त्यांच्या पणजीला तिच्या वडिलांनी ख्रिसमसला दिलेलं, पहिल्या पानावर शाईने तिचं नाव आणि ख्रिसमस १८५७, शेवटच्या अक्षराची शेपटी पार कडेपर्यंत ओढलेली. कापडी बांधणी, झगझगीत हिरवी, वर सोनेरी वेलबुट्टी, पानांच्या कडाही सोनेरी. तेव्हा प्रकाशक असली नटवलेली पुस्तकं मुद्दाम ख्रिसमसच्या तोंडावर काढायचे.

पण बांधणी खिळखिळी झालीये, पुढचा पुठ्ठा दोन दोऱ्यांवर लोंबतोय, म्हणून दुरुस्तीचं शोधत बसले तर कळलं की त्या काळच्या अशा हिरव्या कापडात आर्सेनिकचा रंग असायचा आणि २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अशी चार पुस्तकं बाजूला काढली. माझी पाचावर धारण बसली, कारण पोरगी आठ दिवस ते उशाशी घेऊन झोपतीये आणि पुस्तक हातात धरलं की बोटांना हिरवी पूड लागते!!

आई फोनवर म्हणे ऊन दाखव, वेखंड ठेव. नवरा फेविकॉल घेऊन तयार. दोघांनाही थांबवलंय. घरी ओळखता येतं का, ठेवायचं कसं, आणि आजींना सांगू का? लहानपणापासून दर ख्रिसमसला मांडीवर घेऊन वाचत आल्यात हो.

प्रतिसाद: ताई, मी जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचं काम करतो. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, त्याला एक्स-रे फ्लुरोसन्स तपासणी (रंगात कोणती मूलद्रव्यं आहेत ते यंत्राने बघणं) लागते. अमेरिकेत विंटरथर म्युझियमचा २०१९ पासून पॉयझन बुक प्रोजेक्ट चालू आहे, म्हणजे असल्या विषारी रंगाच्या जुन्या पुस्तकांचा शोध, त्यांची रंग जुळवून बघायची बुकमार्क पट्टी असते, तिच्यावरून अंदाज येईल. तोवर विषारीच समजा. नायट्राइलचे हातमोजे घालून झिपवाल्या पिशवीत टाका, ठेवलं होतं ती जागा ओल्या फडक्याने पुसा, अभ्रा धुवा, पोरीबद्दल डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. उन्हाने रंग उडेल. फेविकॉल अजिबात नको, आणि बाइंडरकडे नेलंत तर आधी त्याला सांगा. आजींनाही सांगा, घरात तसलंच आणखी एखादं असेल तर?

धागाकर्ती: डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, बुकमार्कसाठी मेल केलाय. आजींनाही सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, पिशवी पारदर्शक आहे ना? मग कपाटातून अजून दोन हिरवी काढून दाखवली.