मदत हवी आहे : गावातल्या बायांना औषधं द्यायला कसं शिकवावं?
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन औषधं देणाऱ्या सात जणींना शिकवायचं आहे. मराठी वाचतात, पण पाकिटावरचं इंग्रजी नाव कळत नाही. मागच्या महिन्यात एका आजीनं न जेवता ग्लिमेपिराइड (रक्तातली साखर कमी करणारी मधुमेहाची गोळी) घेतली नि घामाघूम होऊन पडली. शुद्धीवर होती, साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. माझा जीव अजून धास्तावलेला आहे.

सकाळ-रात्रीसाठी सूर्य-चंद्राच्या चित्रांच्या पिशव्या केल्या. पण चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही, हे मनात कसं बसवावं? न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, इथं मे महिन्यात पारा ४५ वर आणि लाइट गेलेली! काय करता तुम्ही? मराठी नोंदवहीचा नमुना असेल तर नक्की पाठवा.