प्रतिसाद: वर्गाच्या साहित्यासाठी वर्गणी

ताई, गगनबावड्याकडच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात, वर्गासाठी पाट्या, रंग, तक्ते हवेत म्हणून स्वतःचा क्यूआर कोड इथं टाकलात. हेतू चांगलाच, पण तो कोड आधी काढा बघू. पैसे तुमच्या खात्यात आले की उद्या कोणीतरी हिशेब विचारणारच, आणि नव्या माणसाला ते फार जड जातं. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, वर्गणी शाळेच्या खात्यात, पावती मुख्याध्यापकांच्या सहीची.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदानही असतं. ३१ ते १०० मुलांच्या पटाला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत. त्यातच दुरुस्ती, वीजबिल, स्वच्छता, म्हणजे तुमच्या वर्गापर्यंत काय पोचणार ते दिसतंयच. तरी खर्चाचा आराखडा ठरताना यादी पुढं ठेवा. मागितल्याशिवाय कोण देतंय?

माझं ऐकाल तर पैशापेक्षा वस्तूच मागा. कोल्हापुरात तालमी, मंडळं काय कमी आहेत? 'पंचवीस पाट्या द्या' म्हटलं की एखादं मंडळ लगेच उचलतं, 'मदत करा' म्हटलं की नुसतं 'बघू या' होतं.

तक्ते मात्र लॅमिनेट करूनच घ्या. तिकडच्या पावसात साधा कार्डशीट महिन्याभरात वाकडा होतो, बुरशी धरतो. खडूसुद्धा झाकणाच्या डब्यात ठेवा, ओलसर खडू फळ्यावर उमटतच नाही.

आणि १६,००० च्या मानधनातून खर्च करत बसू नका हो!